निवळ

इंदू लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेली,
जाताना कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून गेली:
टँकर अकराव्या दिवशी. घड्याळ बघू नका, कान उघडा ठेवा.
तुरटी दोनच फेरे.
वरची निवळ प्यायला, मधलं भांड्यांना.
तळाचा गाळ राहू द्या, मी आल्यावर बघते.

मी हसलो.
माझ्या बापानं माणगंगेत उभं राहून
अर्ध्या म्हसवडची धुणी धुतली,
यात्रेतले फेटे, पोलीस लाइनीतल्या चादरी.
पाणी गुडघ्याला लागायचं,
कुणी मोजायचं नाही.
आणि परटाच्या पोराला ही पाणी शिकवते.

चौथ्या दिवशी बॅरलवर बोट वाजवलं.
कमरेपर्यंत ढण्ण, त्याखाली गप्प.
दुसऱ्यावर वाजवलं. गुडघ्यापर्यंत ढण्ण.
तिसऱ्यावर वाजवायला बोट उठेना.

मग कॅलेंडर पुन्हा काढलं, चष्मा लावून.
दुधाच्या हिशोबाखाली बारीक पेन्सिलीनं होतं:
तांदूळ धुतलेलं ओतू नका, खळीला चालतं.
हे तुम्हाला मी सांगायचं का?

खरंच की.
लोखंडे हेडमास्तरांचा सदरा
आठवडाभर तांदळाच्या पाण्यावर ताठ उभा राहिला.
म्हणाले, नवी खळ आणलीस का रे?
म्हटलं, कोल्हापूरची आहे.

अंघोळ घमेल्यात उभं राहून.
तेच पाणी मग फरशीला,
फरशीचं पिळून संडासात.
एवढा प्रवास मी जन्मात केला नाही.

सिलिंडरवाला आला, उन्हानं लाल.
त्याला अर्धा पेला दिला.
त्यानं शेवटचा थेंब जिभेवर घेतला, पेला उपडा ठेवला.
'अजून देऊ का' हा प्रश्न
आमच्या आळीतून कधी उठून गेला
कुणाला सांगता येणार नाही.

दुसरा टँकर रात्री सव्वादोनला आला.
मी झोपलेलो.
सकाळी बघतो तर तिन्ही बॅरलं काठोकाठ,
वर फळी, फळीवर दगड.
झुबेदाभाभी मुलाणी दारात नळी गुंडाळत होत्या.
इंदूनं सांगून ठेवलं होतं, म्हणाल्या,
हे झोपतील.

त्या दिवसापासून मी निवळ हलू न देता काढायला शिकलो.
तांब्या तिरपा, मनगट सैल,
श्वास धरून.
बाप कापडातला डाग असा काढायचा,
कापडाला कळू न देता.

तिसऱ्या टँकरच्या आदल्या दिवशी त्या आल्या.
लेक रिक्षातून उतरली, दुपट्यात नात.
इंदूनं आधी बॅरलं बघितली.
बोट लावून, वाकून, वास घेऊन.
काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं
मला बत्तीस वर्षांत तीनदा मिळालंय.
तळाच्या गाळानं तिनं न्हाणीतली चूल सारवली,
संध्याकाळपर्यंत वाळली.

एक हंडा मी वेगळा ठेवला होता,
चार दिवस माझं अंग ओल्या पंचानं पुसून.
त्यातले पाच तांबे बाळाला.
डाळीचं पीठ, तेल, इवल्या पाठीवरून ओघळ,
खाली परातीत पिवळसर कोमट तळं.

आता हे कशाला? लंगोट भिजवायला, की फरशीला?
मी परात उचलायला वाकलो.
इंदूनं माझ्या हातातून घेतली,
उंबऱ्याबाहेर गेली
आणि ओतली.
कशावर नाही. नुसती, मोकळ्या मातीत.
माती एकदा चर्र झाली, काळी पडली,
झुबेदाभाभींची कोंबडी चोच लावून गेली.

आत आली, परात पालथी घातली.
हे लिहू नका कुठं, म्हणाली.

दुपारी लंगोटांना इस्त्री केली.
फवाऱ्याची बाटली कधीची बंद आहे,
मी तोंडात घोट धरतो, बापासारखा.
अर्धा कापडावर मारला.
अर्धा गिळला.