प्रश्न चौदावा

मिरजेत, स्टेशन रोडच्या आतल्या बोळात,
रक्त-लघवी तपासणीच्या लॅबवर
दोन खोल्यांचा स्टुडिओ.
पेशंट चुकून वर चढून येतात, हातात झाकणाची बाटली,
आणि सन्मती मगदूम स्क्रीनवरची नजर न काढता सांगते,
"खाली, मामा. इथं नुसते खेळ तपासतो."

मी वहीत लिहिते : तारीख, वेळ,
माणसं पाच, खुर्च्या चार.
खेळ बनवणाऱ्यांची संस्कृती अभ्यासायला
विद्यापीठाने पाठवलंय मला.
संमतीपत्र मुद्दाम मराठीत केलं, तरी कुणी वाचलं नाही.
"सही कुठं मारू?" एवढंच.
मुबीनने सही केली, आणि माझ्याच पेनाने
पानाच्या मागे एक बेडूक काढला.

तो बेडूक अकरा महिने उडी मारतोय
एका विहिरीतून.
कठड्याला हात लागतो, सुटतो.
दिवसभर ही पोरं कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी
लाकडी पेट्या काढतात,
सहाशे चाळीस पेट्या, सगळ्या फुटण्यासाठीच.
बेडूक रात्री नऊनंतर,
वडापावचा कागद कीबोर्डखाली सरकवून.

प्रश्न चौदावा : खेळाची अनुभूती
आपण कोणत्या निकषांवर निश्चित करता?

विश्वजित खोत छताकडे बघतो.
"बरं वाटलं की झालं."
सन्मती म्हणते, "आकडा बदलायचा.
शून्य पॉइंट बारा. खेळायचं.
तेरा. खेळायचं.
मग परत बारा."
"आणि बाराच का?"
"का म्हणजे? तेराला तो बेडूक वाटत नाही की.
पिशवी वाटतो."

मी लिहिते : पुनरावृत्ती, अंगभूत ज्ञान.
पुण्याहून सर समासात लाल शाईने विचारतात,
सिद्धांत कुठे आहे?

रविवारी मुबीन घरी घेऊन गेला.
गल्लीत भोपळे वाळत होते, उलटे,
कुणाची तरी डोकी राखायला ठेवल्यासारखे.
दस्तगीरचाचा तंबोऱ्याची घोडी घासत होते.
कानस दोनदा. तार छेडायची. ऐकायचं.
कानस एकदा. तार.
अर्धा तास एकही शब्द नाही,
मीही पेनाचं टोपण काढलं नाही.
मग त्यांनी तारेखाली सुताचा एक दोरा सरकवला,
केसभर मागे, केसभर पुढे,
आणि कुठल्याशा जागी
बंद खोलीचं दार उघडावं तसा
स्वर उघडला.

"याला काय म्हणायचं?"
"जीव."
"स्वराला?"
"नाही हो. दोऱ्याला. दोऱ्यालाच जीव म्हणतात."
मुबीन हसला. "आमच्या बेडकाला तीन आहेत, अब्बा."
चाचांना ते कळलं की नाही कोण जाणे.
कानस पुसत म्हणाले,
"तारेला एक पुरतो.
जागेवर बसला पाहिजे."

मी हे कुठल्या रकान्यात लिहू?

त्या रात्री एक वाजता वीज गेली, इन्व्हर्टर चिरकला.
परदेशी पेट्या अंधारात तशाच राहिल्या,
आणि फोन तेवढा उजेडात.
"घ्या, मॅडम," सन्मतीने तो माझ्या हातात दिला.
मी म्हणाले, संशोधकाने सहभागी व्हायचं नसतं.
"बरं," ती म्हणाली, आणि फोन तिथेच ठेवला.

मी अंगठा टेकला.
बेडूक उठला, विहिरीच्या भिंती खाली सरकल्या,
आणि अगदी वर, पडण्याआधी,
तो क्षणभर थांबला.
थांबला नसेलही. शून्य पॉइंट काहीतरी.
पण माझा श्वास अडकला, एवढं खरं.
मग पाण्याचा आवाज.

"कसं वाटलं?"
मला चौदा ओळी जागा दिली असती
तरी भरता आली नसती.
दोन जीव शिल्लक होते. मी पुन्हा अंगठा टेकला.
सन्मती फोनकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती,
आणि लॅबच्या एका जुन्या पाकिटाच्या मागे
काहीतरी टिपून घेत होती.