उजवा पाय

दुकानाच्या फळीवर अजून त्यांच्याच हातची अक्षरं:
दस्तगीर शिकलगार, कुलपं दुरुस्त, चाव्या करून मिळतील.
खाली पाच आकडी फोन नंबर,
जो आता कुणाचाच नाही.

दुआ मला शिकवली ती दुकानातच,
कानशीखालून पितळेचा चुरा उडत असताना.
"म्हण, अल्लाहुम्मफ्तह ली."
म्हणजे काय?
"उघड. माझ्यासाठी उघड."
आणि अबवाब?
"दारं. एक न्हाई. लै."
चावी उजेडाकडं धरली, एक डोळा मिटला.
"मशिदीत उजवा पाय टाकतानाच म्हणायचं.
मागनं आठवून उपयोग न्हाई."

पुढं साखर पायात उतरली.
सीपीआरमध्ये बावीस दिवस.
आधी अंगठा, मग पंजा,
मग डॉक्टरीणबाईंनी चादरीवर बोटानं रेघ ओढली
गुडघ्याखाली चार बोटं.
अब्बा त्या रेघेकडं बघत राहिले
गिऱ्हाइकानं चुकीचं कुलूप आणून दिल्यासारखे.

घरी आल्यावरचा पहिला जुमा.
गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली.
मकबूलभाईंनी ओल्या फडक्यानं
कुबड्यांची रबरी टोकं पुसली, काही न बोलता.
अब्बांनी डावी चप्पल काढली.
एकच काढायची होती.
सुभाषनगरच्या सातपुत्यांनी दर वर्षीसारखा जोडच दिलेला,
उजवी घरी माळ्यावर, पेपरात गुंडाळलेली,
आईनं दोनदा टाकायला काढली, टाकू दिली नाही.

आणि उंबऱ्याशी थांबले.

मागं माणसं साचत गेली.
केळीवाले बागवान, हेल्मेट काखेत धरलेला एक पोरगा,
उद्यमनगरातनं तसाच आलेला कुणी,
वजू करूनही नखांत काळं राहिलेला.
कोपरांवरनं पाणी ठिबकत होतं.
खुत्बा सुरू व्हायला आला होता.
"चला" कुणी म्हणालं नाही.
इतकी माणसं इतकी गप्प
मी फक्त कुस्तीच्या मैदानात पाहिली होती,
हातात हात भिडायच्या आधी.

अब्बांनी खाली पाहिलं,
जिथं पाय नव्हता तिथं.
मांडी हलली.
घडी घालून पिन लावलेला पायजमा
इंचभर, दोन इंच,
उंबऱ्याच्या पलीकडं गेला
आणि तिथंच हवेत थांबला.
नवी चावी कुलपात घालून
फिरवायच्या आधी ते थांबत, तसा.
मग दुआ म्हणाले. एरवी मनात म्हणत,
त्या दिवशी मला ऐकू आली.
मग कुबड्या. मग डावा.

येताना डावा आधी टाकायचा. तो होताच.
"बघ," म्हणाले, "भाईर पडायला काय अडचण न्हाई."
बाहेरची दुआ वेगळी, तीत फज्ल मागायचं.
त्यांच्या भाषेत, गिऱ्हाईक.
त्या दिवशी एकच आलं,
शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीचं,
शटरची चावी हरवलेली.
बसल्या बसल्या करून दिली, वीस रुपये कमी घेतले.

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली.
माझे दोन्ही पाय धड आहेत
आणि घाईत कुठला आधी पडतो
ध्यानातही राहत नाही.
कधी पहिल्या सफीपर्यंत पोचल्यावर आठवतं.
मग वळतो, माणसांतनं वाट काढत
पुन्हा चपलांपाशी येतो.
"काय राहिलं काय रे?" मकबूलभाई विचारतात.
पाय, म्हणतो.