बल्बची तार

बाजावात चर्चच्या उताराला माझं दुकान.
पाटी नाही. एक टायर टांगलाय,
तेवढी ओळख पुरते.

कायदा म्हणतो, दुचाकीचा दिवा दिवसाही लागलेला हवा.
दुपारचे बारा, इनेरीच्या माथ्यावर ढगाचं बोट नाही,
आणि दिवा चालू.
म्हातारा गास्पार विचारायचा,
सूर्याला काय रस्ता दाखवायचाय?
त्याने काचेमागे चॉकलेटची चांदी चिकटवली होती.
उन्हात असली लखलखायची,
दोन वर्षं शिपाई त्याला सलाम ठोकत राहिले.

नव्या गाड्यांना बटणच नसतं.
किल्ली फिरवली की दिवा लागतो, विचारत नाही.
म्हणून माणसं माझ्याकडे येतात.
बॅटरी उतरते, सांगतात. बल्ब जातात, सांगतात.
खरं म्हणजे आपल्या गाडीने आपलं ऐकावं, एवढंच.
मी सीटखाली बोटाएवढं बटण बसवून देतो.
तीस हजार रुपिया.
घरची कॉफी आणलीत तर पंचवीस.

आयमेरेच्या वळणांवर समोरून येणारा
मूठ उघडतो, मिटतो, उघडतो:
पुढे नाका आहे.
मग एकामागून एक सगळे
मुंगळा चावल्यासारखे सीटखाली हात घालतात.
नाका गेला की परत बंद.
दंड एक लाखाचा. बटण पंचवीसचं.
हा हिशोब मीच गिऱ्हाइकांना समजावून सांगायचो.

फ्रिडुसची गाडी काळी. जाकीटही काळंच.
बांबूच्या बनात भर अकराला संध्याकाळ असते,
तिथून तो उतरत होता, मागे पिशवीत मासळी.
वर रोमानुसचा ट्रक चढत होता,
मक्याची पोती, पोत्यांवर माणसं, गाणी जोरात.

पाय दोन ठिकाणी मोडला. जीव राहिला.
फ्रिडुस म्हणतो, दिवा चालू होता.
रोमानुस म्हणतो, नव्हता,
आणि म्हणताना त्याचे हात थांबत नाहीत,
शर्टाचं एकच बटण लावतो, काढतो, लावतो.

हवालदार तारसी फुटका हेडलाइट
टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला.
मागून फ्रिडुसची आई. ती टायरवर बसली.
"यातलं तुला काही कळतं?"

कळतं.
बल्ब जळत असताना धक्का बसला
तर आतली तार तापून मऊ झालेली असते,
तुटता तुटता लांबते,
बोटांत धरलेल्या पाकासारखी.
थंड असली तर लांबत नाही. काडकन तुटते.

बल्ब दारातल्या उजेडात धरला.
चष्मा काढला. पुसला. घातला.
"वेन्स, नीट बघ रे," ती म्हणाली.
नीट बघितलं.
नंतर परत बघितलं, कारण पहिल्यांदा दिसलं ते पटलं नाही.

टोकं स्वच्छ होती. सुईच्या अग्रासारखी.

लांबली होती म्हणालो असतो,
तर तारसीला काय कळणार होतं?
रोमानुस तुरुंगात गेला असता,
त्याच्या तीन मुली शाळेत जातात,
धाकटी माझ्याकडून सायकलची हवा फुकट भरून घेते.

"थंड होती," मी म्हणालो.
तारसीने लिहून घेतलं. पूर्णविराम दिला.
मग पेन परत कागदावर टेकवलं.
"पण ही गाडी गेल्या वर्षीची.
हिला बंद करायचं बटण आलं कुठून?"

बाहेर एक मोटरसायकल उतार उतरून गेली,
दिवा लागला होता का, मी बघितलं नाही.
फ्रिडुसची आई माझ्याकडे बघत होती.
तिला विचारायची गरज नव्हती.
जूनमध्ये पंचवीस हजार तिनेच मोजून दिले होते,
आणि माझ्या फळीवर तो डबा अजून अर्धा भरलेला,
तिच्याच झाडांची कॉफी.