डावा गाल

रोसारियोत जुलै म्हणजे बोचरी थंडी.
साल काढायचा हाच हंगाम, डॉक्टरबाई म्हणतात,
ऊन दुबळं असतं.

ओतिलिया बासुआल्दो. बस चालवली एकतीस वर्षं.
उजवा गाल प्रवाशांकडचा, अजून चाळिशीतला.
डावा खिडकीचा:
डागाळलेला, चरे पडलेला,
थोरल्या बहिणीकडून मागून आणल्यासारखा.

मी बाटल्या मांडते.
उसाचं आम्ल सौम्य, जेवणाच्या सुट्टीत उरकतं.
दुधाचं त्याहून गरीब.
कडू बदामाचं सावळ्या कातडीला मानवतं.
फिनॉलला हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र लागतं,
ते आम्ही करत नाही.
हिच्यासाठी ट्रायक्लोरो, मधल्या थरापर्यंत जाणारं.

"दोन्ही गाल सारखे होतील?"
"जवळजवळ."

बोळा फिरतो. मी पंखा धरते, सेकंद मोजते.
गालावर पांढरं हिव धरत जातं.
ती डोळे मिटून थांब्यांची नावं पुटपुटते, क्रमानं;
बाजार, चर्च, पिठाची गिरणी,
कब्रस्तानाच्या थांब्याशी आग निवते.

सहाव्या दिवशी दाखवायला आली.
हनुवटीशी साल लोंबत होती,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ.
"ओढू नका हं."
ओढली नव्हतीच. उशीवर गळलेले तुकडे मात्र
येर्बाच्या रिकाम्या डब्यात भरून आणले होते.
"एकतीस उन्हाळे आहेत यात. टाकायचे कुठे?"

आमच्या सूचनापत्रकात हे नव्हतं.
मी डबा ठेवून घेतला.

काचेतून दिसली, बसमध्ये चढताना:
रुंद टोपी, सवयीनं पुढचं सीट,
पण उजवीकडचं.
ऊन त्याच बाजूला येत होतं.