काळी चार

पेटी माझी, आवाज त्याचा.
एवढंच ठरलं बोरीच्या पुलाखाली,
पुढचा हिशेब आम्ही मांडलाच नाही.

झुलाल आप्पा तेव्हा अमळनेरला जिनात होता.
भुवयांवर कापूस, कानात कापूस,
आणि गळा असा की चालत्या यंत्रांवरून
फाटकाबाहेरच्या गाडीवानाला हाक पोचे.
म्हणाला, पट्टीबिट्टी मला समजत नाही, तूच शोध.
मी एकेक सूर दाबत वर गेलो.
काळी चारला तो हसला.

गाणी स्वतः जुळवायचा, अहिराणीत,
वजनपावत्यांच्या पाठीवर.
पुढे क्विंटल, किलो, व्यापाऱ्याची सही;
मागे कानबाईची पाठवणी,
डांगराच्या वाडीतला चोर,
आणि एक बाई, जी गिरणाकाठी
भांडी घासता घासता नवऱ्याचं नाव विसरते.
आमच्याकडे गाण्यालाही वही म्हणतात.
त्याच्याकडे वही नव्हती.
सुतळीने बांधलेला गठ्ठा होता.

धुळ्याला एका खोलीत कॅसेट भरली.
पंखा बंद, कारण पंखाही गातो.
दोन्ही बाजू एका दुपारी.
त्याला दीडशे, मला चाळीस,
वर दोघांना शेवभाजी, तर्री हवी तेवढी.
लेबलावर नाव आलं : जुगलाल.
मी भांडायला उठलो, तर म्हणाला,
राहू दे हिलाल, जुगलाललाही पोट असेल.

रावेरच्या केळीच्या ट्रकांतून
तो जुगलाल दिल्लीपर्यंत गेला म्हणतात.
पैसे परत आले नाहीत.
केळीचे तरी येतात, कधी कधी.

मग वर्षं.
सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांच्या खिंकाळण्यावर गाणं,
चोपड्याला कंदील फुटला त्या रात्री अंधारात गाणं,
बायको गेली त्याच्या तेराव्याला
कुणी म्हटलं नसताना गाणं.
जिन बंद पडलं. पावत्या संपल्या.
मग तो लग्नपत्रिकांच्या मागे लिहू लागला.

आणि मी, कुणाला न सांगता,
एका पावसाळ्यानंतर काळी तीन धरली.
काही वर्षांनी काळी दोन.
वरचे दोन दात पडले त्या साली काळी एक.
लोकांना कळलं नाही. त्यालाही नाही,
असं मी समजत होतो,
आणि मनात थोडा मोठा होत होतो.

पारोळ्याच्या एका लग्नात
ट्रॉलीएवढ्या डीजेवर त्याचंच गाणं लागलं,
खाली धडधड, वर कुणा पोराचा आवाज.
आप्पा गर्दीतून थेट स्पीकरपाशी गेला.
मला वाटलं, आता नाव सांगेल.
तो म्हणाला, बेटा, तिथं खुरपं नाही, पाभर आहे.
खुरप्यानं पेरतात का कधी?
पोरगा म्हणाला, बाबा, बाजूला व्हा, करंट लागेल.
आप्पा बाजूला झाला.
परतीच्या एसटीत तीनदा पुटपुटला : पाभर.

मागच्या माघात एरंडोलला बोलावलं.
शाल, नारळ, खुर्च्या निम्म्या रिकाम्या.
मी सवयीनं काळी एक दाबली.
तो थांबला. माईकवर हात ठेवला.
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
माले बहिरा समजस का रे, हिलाल?

वीस वर्षं.
वीस वर्षं तो गप्प बसला होता,
माझी चोरी मला पुरावी म्हणून.

काळी चार दे, म्हणाला.
मी दिली.
पहिली ओळ वर गेलीच नाही.
उंच फांदीवरच्या चिंचेखाली उभं राहावं
तसा तो त्या सुराखाली उभा राहिला,
आणि ओळ नुसती बोलला,
हळू, बाजारात भाव सांगावा तशी.
मग दुसरी. मग तिसरी.

पाभर हा शब्द आला तेव्हा
जरा थांबला.

माझं बोट काळी चारवरच होतं.
उचलावं की नाही, कळेना.
भात्यात हवा होती तोवर
तो सूर एकटाच वाजत राहिला.