चौथा फड

पिंपळनेरच्या पेठेत माझं दुकान.
पाटी नाही, मशीनची खडखड हीच पाटी.
देवरे सर घडी घातलेला कागद घेऊन आले,
म्हणाले, भटू, झेंडा शिवायचाय.
पांझराकाठच्या फड संघाचा. बावीस गावांचा.
मी आजवर शिवल्या त्या बंड्या, परकर,
शाळेचे गणवेश, एकदा बँडवाल्यांचे कोट.
झेंड्याचं माप कोणाच्या अंगावर घ्यायचं, विचारलं.
सर हसले नाहीत.

कागदावर आधी बरंच काही काढून खोडलेलं.
एकाला उगवता सूर्य हवा होता,
एकाला उसाचं कांडं,
उत्तमतात्यांना सिंह.
सिंह कुठला आला आपल्या नदीवर, कोणीतरी म्हटलं.
तात्या म्हणाले, छाप पडते.
तीन बैठका झाल्या.
सिंहाची मिशी खोडताना कागद फाटला,
तेव्हा कुठे तात्या गप्प बसले.

उरलं ते असं:
काठीलगत उभा निळा पट्टा, तो पाट.
त्याला चिकटून चार आडव्या पट्ट्या, ते चार फड.
हिरवा उसाचा, पिवळा गव्हाचा,
काळा, नांगरून ठेवलेला.
चौथ्याला पोपटी देऊ, सर म्हणाले,
नाहीतर केशरी, उठून दिसेल.

मागे चपलांपाशी हिरामण मालचे बसलेला, पाटकरी.
एकतीस वर्षं बारे धरलेले,
गुडघ्याखाली पायांचा रंगच वेगळा.
तो न उठता बोलला,
"तठे पानी पोचस नही.
मंग रंग कसाले?"

मग बराच वेळ फक्त पंखा.
वरच्या फडाची माणसं नखं बघत होती.
प्रोसिडिंगात सरांनी लिहिलं:
चौथी पट्टी कोरी ठेवावी, सर्वानुमते.

मांजरपाट मी निवडला, धुवट नव्हे, कोरा,
कापसाची टरफलं अजून त्यात टोचणारी.
निळा तुकडा साक्रीच्या कटपीसमधला,
संघाचं बजेटच तेवढं.
निळ्यावर फावडं शिवायचं होतं.
दोन रात्री गेल्या, दांडा सरळ येईना.
हिरामणने स्वतःचं फावडं आणून
माझ्या टेबलावर आडवं टाकलं.
दांडा वाकडाच होता.
तसाच शिवला.

आखाजीला बंधाऱ्यावर झेंडा चढायचा.
आदल्या दिवशी शिपायाने, खळ करायची म्हणून,
तो कढत पाण्यात बुडवला.
निळा सुटला.
हिरव्यात गेला, दिसला नाही.
काळ्यात गेला, मुरला.
कोऱ्या पट्टीत मात्र लपायला जागा नव्हती.
सर माझ्यावर ओरडले, मी शिपायावर,
शिपाई बादलीवर.
दुसरा शिवायला रात्र पुरणार नव्हती,
म्हणून डाग घेऊनच तो वर गेला.

तात्या भाषणात म्हणाले, हे आपल्या एकीचं प्रतीक.
नेमकं काय, ते सांगितलं नाही.
हिरामण काठीखाली उभा राहून
कपाळावर हात धरून वर बघत होता.
मग माझ्या कानाशी आला:
"ऊनं भाऊ. वीतभर ऊनं."

आता झेंडे धुळ्याहून छापून येतात.
नायलॉनचे, पक्क्या रंगाचे.
फावड्याचा दांडा पट्टीने आखल्यासारखा,
चौथी पट्टी पांढरीशुभ्र, कॅलेंडरवर छान दिसते.
काही पाहुण्यांना ती शांततेची वाटते.
सर मान हलवतात.

पहिला झेंडा रफूला म्हणून माझ्याकडे आला
आणि न्यायला कोणी आलं नाही.
शिलाईही यायचीय अजून, तो विषय वेगळा.
कपाटाच्या दाराआड खिळ्याला टांगलाय.
एकदा टेप लावून पाहिला:
पट्टी छत्तीस इंच.
नऊ निळसर, सत्तावीस कोरी.

आवर्तन सुटलं की
हिरामण दुकानावरून जातो, खांद्यावर फावडं.
थांबत नाही, नुसतं विचारतो,
"कितलं ऊनं?"
मी मशीन थांबवून
पुन्हा टेप लावतो.