टाऊन हॉलची मापं

टेपचं एक टोक तिम्माप्पाच्या हातात,
दुसरं माझ्या.
मधे दीडशे वर्षांचा काळा दगड.

"बारा फूट साडेसात," तो ओरडतो
आणि बागेतली वटवाघळं
उलट्या झोपेतच कूस बदलतात.

समोर सीपीआर.
पेशंटांची माणसं सावलीला डबा सोडतात:
खरडा, भाकरी, मांडीखाली दाबून ठेवलेला एक्स-रे.
कमान टोकदार की गोल,
त्यांना काय त्याचं.
एक बाई मात्र विचारते,
"पाडताय का काय वं?"
"न्हाई मावशी, मोजतोय."
ती परत भाकरी मोडते.

छप्पर एवढं उतरतं कशाला?
कुणा थंड मुलखातल्या माणसानं
बर्फ घसरावा म्हणून शिकलेली रेघ
इथंही तशीच ओढली असेल.
आमच्याकडं बर्फ
गोळ्याच्या गाडीवर, गोणपाटात.
रेघ राहिली.
पारवे तिच्यावरनं घसरतात.

आत, ब्रह्मपुरीच्या टेकाडातनं निघालेला
वीतभर देव, समुद्राचा म्हणे.
पंचगंगेला कुठली भरती?
तरी काचेत उभा आहे हात उचलून,
एसटी थांबवत असल्यासारखा.
त्याची मापं आमच्याकडं नाहीत,
ते खातं वेगळं.

तिसऱ्या दिवशी, मनोऱ्याच्या मागं,
गंजलेल्या पन्हाळीच्या आडोशाला
एका चिऱ्यावर तीन टाके आणि एक टिंब.
मी म्हणालो, नक्षी असेल.
तिम्माप्पा हसला. त्याच्या घरात तीन पिढ्या छिन्नी.
"हजेरी हाय ही, सायेब.
हप्त्याला दगुड मोजून पैसं.
ज्याची खूण, त्याचा दगुड."
त्यानं टिंबात करंगळी घातली.
बसली.

मग बराच वेळ आम्ही दोघं
तशीच खूण आणखी कुठं सापडते का बघत हिंडलो,
मापं सोडून.
खिडकीखाली एक. जिन्याच्या वळणाला दोन,
एक अर्धी, चुन्याखाली गेलेली.
"चारच?" तो म्हणाला.
"एवढ्यात घर चालतंय व्हय?"

फॉर्मात रकाने आहेत: लांबी, रुंदी, भेगा, शेरा.
शेऱ्यात मी लिहिलं,
पन्हाळ बदलावी. भिंतीला ओल नाही.

तिम्माप्पानं टेप सोडला.
तो दगडावरनं खरखरत माझ्याकडं परत आला,
शेवटच्या फुटाला जरा अडकला,
मग आला.